नळाच्या उलट दिशेने

अंबरनाथच्या पालेगावात राहणाऱ्या माणसाची नदीशी गाठ दोनदा पडते. एकदा ती नळातून येते तेव्हा आणि एकदा नाल्यातून जाते तेव्हा. मधल्या वेळात ती टाकीत, पिंपात, बादलीत असते, आणि तेव्हा तिला कुणी नदी म्हणत नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसांपेक्षा जास्त बोलणं पाण्याचं होतं. टँकर निघाला का, आज दाब का कमी, वरच्या मजल्यावर चढलंच नाही. हे पाणी कुठल्या डोंगरातून निघालं, असं तिथे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलंच तर सेक्रेटरी म्हणतील, आधी बिल भरा.

येतं ते पाणी थोडं चिखलोली धरणाचं, बरंचसं बदलापूरच्या बॅरेजवरून उचललेलं, म्हणजे उल्हास नदीचं. कारखान्यांच्या बाजूला बारवी धरणाचं, आणि बारवीही शेवटी उल्हासलाच मिळते. जातं ते वालधुनीत. ही वालधुनी परकी नव्हे, ती आमच्याच अंगणातली. काकोळे गावाच्या मागच्या डोंगरात ती निघते. तिथे जुन्या जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पाजण्यासाठी बांधलेला तलाव आहे, लोक अजून त्याला जीआयपी टँकच म्हणतात. तिथून खाली येत ती अंबरनाथच्या शिवमंदिराला बिलगून पुढे जाते. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा लेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. छित्तराजाने सुरू केलं, मुम्मुणीने पुरं केलं. देवळासाठी नदीकाठ निवडला तेव्हा त्यांनी वाऱ्याची दिशा बघायची गरज नव्हती. आज भाविकाला ती बघावी लागते. २०१४च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कुणीतरी टँकरभर रसायन या नदीत सोडलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं घुसमटून दवाखान्यात गेली. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा खटला हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात लढवला. न्यायालयाने फटकारलं, आदेश निघाले. नदीचा रंग मात्र दिवसाच्या हिशेबाने बदलत राहिला, कधी काळा, कधी विटकरी.

तेव्हा वालधुनीच्या काठाने चालायला जावं असं कुणी सुचवलं तर तो चेष्टा करतोय असं समजावं. नळाची वाट धरून उलटं जावं, ही कल्पना मात्र मला बरेच दिवस खुणावत होती. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत. लोकलने रोज हजारो माणसं हाच रस्ता करतात आणि नदी बऱ्याच अंतरापर्यंत रुळांची सोबत करते, पण खिडकीत बसलेल्याचं लक्ष मोबाइलमध्ये आणि दारात लटकणाऱ्याचं पुढच्या खांबात. नदीने एकदाच सगळ्या देशाचं लक्ष वेधून घेतलं, २७ जुलै २०१९ला. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळे नदीला शिव्या घालत होते. ती तिच्याच पात्रात आणि पात्राशेजारच्या तिच्याच मैदानात होती. मैदानात आपण आलो होतो.

आमच्या बाजूला डोंगरात जायचं म्हणजे मलंगगड, चंदेरी, नाहीतर कोंडेश्वर. कोंडेश्वर सुंदर आहे. कातळात कोरलेली कुंडं, त्यांत कोसळणारं पाणी. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त, दर वर्षी कुणाचा तरी मुलगा त्या कुंडात जातो, मग जिल्हाधिकाऱ्यांची बंदी येते, मग बंदी चुकवायच्या आडवाटा येतात. मला गर्दी नको होती. उल्हास जिथे अजून कुणाच्या कामाची झालेली नाही, तो तुकडा बघायचा होता.

असा तुकडा आहे. राजमाचीचा डोंगर उत्तरेला, बोरघाटाची सोंड दक्षिणेला, आणि पूर्वेला लोणावळा-खंडाळ्याचा कडा. या तिघांच्या मध्ये उल्हासचं वरचं खोरं बसलंय. पूर्वेकडून खंडाळ्याजवळचा कुणे धबधबा टप्प्याटप्प्याने याच दरीत पडतो, राजमाचीच्या बाजूने कातळधार एका झेपेत उतरते. नदी इथून पश्चिमेला कोंढाणे, कोंदिवडे करत कर्जतला येते, मग वळून आमच्याकडे. सगळा प्रवास धरला तर वसईच्या खाडीपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्यातले पहिले काही किलोमीटरच असे, की जिथे रस्ता नाही.

मार्गशीर्षात गेलो. पावसाळ्यात ही दरी चालायची नसते. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तोही बहुतेक साडेतीन महिन्यांत. घाटमाथ्यावर ढग फुटला की खाली ऊन असतानाही पाणी येतं. ज्येष्ठात जावं तर नदीच नसते. मार्गशीर्षात पाणी असतं, पण नितळ झालेलं. गवत पिवळं पडलेलं, पण अजून वणव्याच्या तावडीत न सापडलेलं.

कर्जतला उतरून कोंदिवड्याची रिक्षा धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊस, आणि प्रत्येकाच्या पाटीवर ‘निवांत’, ‘एकांत’, ‘रिव्हरसाइड’ असं काहीतरी. निवांतपणाची एवढी जाहिरात करावी लागते म्हणजे तो विकून संपत आला असावा. कोंदिवड्याच्या पुढे मात्र पाट्या विरळ होतात. कोंढाण्याशी डांबर दम टाकतं. तिथे डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेले एक म्हातारे ठाकर भेटले. थांबले. मोळी उतरवली नाही, नुसती सावरली.

“कुठलं, दादा?”

“अंबरनाथ.”

“लेण्याकडं ना? ह्या वाटंनं चढा सरळ.”

“लेण्यांकडे नाही बाबा. नदीनेच वर जायचंय.”

त्यांनी माझ्याकडे आणि मग नदीकडे बघितलं. “वर काय हाय? दगडं हायत.”

हे वर्णन इतकं अचूक होतं की पुढचे अनेक तास मला त्यात भर घालण्याजोगं काही सापडत नव्हतं.

लेण्यांकडे मी तरी थोडा वाकडा गेलोच. कोंढाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याला, दाट झाडीत. काळ इसवी सनापूर्वीचा, म्हणजे कार्ल्याच्या चैत्याहून जुना. लाकडी इमारतीची नक्कल दगडात कशी उतरवायची, हे शिकत असलेल्या हातांचं काम. चैत्यकमान, वेदिकापट्ट्या, गवाक्षं, सगळं सुताराच्या डोळ्याने बघितलेलं. पुढचे खांब कधीच कोसळले. डाव्या हाताला एका भल्यामोठ्या यक्षमूर्तीचं डोकं तेवढं उरलंय, आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच मजकूर. राजाचं नाव नाही, दानाची रक्कम नाही. महाराष्ट्रातल्या लेण्यांमध्ये दाते भरपूर सापडतात, घडवणारा असा नावानिशी क्वचित. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं नोंदलेली आहेत. कल्याण म्हणजे हीच उल्हास खाडीला मिळते ते बंदर. माल खाडीतून कल्याणला उतरायचा, तिथून बैलांच्या पाठीवर घाटाकडे निघायचा. बलकाने छिन्नी चालवली तेव्हा ही दरी एकांतात नव्हती. घाटवाटेच्या कडेला होती. आजचा एकांत हा वाट बदलल्यामुळे आलेला आहे.

लेण्यांपुढची चांगली मळलेली वाट राजमाचीला चढते. झाडांवर बाण रंगवलेले, दगडांवर पोरांची नावं, आणि शनिवारी रात्री तर बॅटऱ्यांची रांगच लागते. मी उतरून परत नदीत आलो. नदीत म्हणजे अक्षरशः नदीत, कारण थोड्याच वेळात काठाची ढोरवाट झुडपात विरली आणि पात्र हीच वाट उरली.

पहिला धक्का थंडीचा. कर्जतला ऊन चटचटत होतं आणि इथे दहा वाजून गेले तरी दरी सावलीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि दक्षिणेलाच घाटाची सोंड उभी, तेव्हा ऊन आधी समोरच्या राजमाचीच्या कड्यावर पडतं आणि तिथून एकेक थर उतरत, आळसावत खाली येतं. थर म्हणायचं कारण डोंगरच थरांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहून आला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. टणक थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार. नदीच्या पात्रातही तोच हिशेब. टणक कातळाची पायरी आली की पाणी उडी मारतं, उडीच्या पायथ्याशी डोह, डोहाच्या पुढे गोट्यांचा पसारा, मग पुन्हा पायरी. नदीने वर जाणं म्हणजे हा जिना चढणं. कुठे पायरी गुडघ्याएवढी, कुठे दोन पुरुष उंच, आणि मग कडेच्या करवंदीच्या जाळीतून ओरबाडून घेत वळसा घालायचा.

पात्रातल्या दगडांवर चालायची एक रीत आहे, ती सांगून येत नाही. डोळे दोन दगड पुढे ठेवायचे आणि पाय मागून येऊ द्यायचे. काळा, कोरडा, खरखरीत दगड भरवशाचा. हिरवट झाक असलेल्यावर पाय देऊ नये, आणि पांढुरका, गुळगुळीत दगड सर्वांत फसवा, कारण तो कोरडा असूनही घसरवतो. थोड्या वेळाने डोकं यातून बाहेर पडतं आणि पायच ठरवू लागतात. मग आजूबाजूला बघायला सवड मिळते.

पात्राच्या मधोमध, दगडांच्या फटींत, शेरणीची झुडपं. सगळीच्या सगळी खालच्या दिशेला कललेली, पुराने विंचरून ठेवल्यासारखी. पावसाळाभर ती पाण्याखाली असतात आणि मुळं सोडत नाहीत. काठाला उंबर, जांभूळ, करंज. त्यांच्या वर उतारावर ऐन, किंजळ, बेहडा, आणि त्याहून वर, जिथे माती टिकत नाही, तिथे कारवी. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे सगळ्यांना माहीत असतं, पण उरलेली सहा वर्षं ती दरड धरून ठेवते आणि कोंढाण्यातल्या घरांचे कुड तिच्याच काठ्यांचे असतात, हे लक्षात कमी येतं. काठच्या उंबरांच्या फांद्यांत, माझ्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, सुकलेल्या गवताचे आणि काटक्यांचे बोळे अडकलेले होते. आधी घरटी वाटली. मग कळलं, ती पाणी गेल्या पावसात कुठवर चढलं होतं त्याची खूण होती. खाली माझ्या घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून मी वर बघत होतो, आणि बदलापूरच्या तळमजल्यांवरच्या चिखलाच्या रेघा इथूनच निघाल्या होत्या.

एका डोहाशी बराच वेळ बसलो. तळाचा वाळूचा कण न् कण दिसत होता. बोटभर मासे माझी सावली पडली की दगडाखाली, सावली हलली की बाहेर. पाय न बुडवता पाण्यावर पळणारे किडे. एका कपारीत खेकड्याची कात. तिथेच कडेला कुणीतरी दगडांचा छोटा बांध घालून पाणी एका तोंडाकडे वळवलेलं. कातकऱ्यांचं मासे धरायचं काम असावं. म्हणजे ‘निर्मनुष्य’ हा शब्द मी मनातल्या मनात योजला होता तो मागे घ्यावा लागला. या दरीत माणसं येतात. सरपणाला, खेकड्यांना, हिरड्या-बेहड्याला, गुरांमागे. ती रविवारी येत नाहीत आणि फोटो काढत नाहीत म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत, इतकंच.

शांततेचंही तसंच. मोबाइलची रेंज गेली आणि मी कान टवकारून बसलो, तर शांतता सापडेना. पाण्याचेच आवाज तीन-चार. लांबच्या पायरीवरून पडणाऱ्या पाण्याचा सलग घोष, जवळच्या गोट्यांतली खळखळ, आणि अगदी जवळ, कातळाच्या भेगेतून थेंबथेंब. तांबट मोजल्यासारखा टुकटुक करत होता. शीळकरी कस्तूर दिसला, निळा-काळा, ओल्या दगडावर. पण त्याची ती भटक्या माणसासारखी लांबलचक शीळ पावसाळ्यातली, हिवाळ्यात तो एक कर्कश चीत्कार टाकतो आणि उडून जातो. ऐनाची मोठी वाळकी पानं पडताना आवाज करतात, आणि असा की कुणी चालत येतंय वाटून मी दोनदा मागे वळून बघितलं. आकाशात मुंबईला उतरणारी विमानं.

आणि मग, दक्षिणेच्या सोंडेवरून, भोंगा. पाठोपाठ चाकांचा घरघराट, दरीभर घुमत. वर मंकी हिलच्या बाजूला गाडी घाट चढत होती. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावून ढकलत नेलेली, सदतीस फुटांना एक फूट अशा चढावर. घाटाचं काम १८५६ला सुरू झालं आणि १८६३ला गाडी लोणावळ्याला पोचली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत मेला आणि त्याची बायको अॅलिस हिने ते काम पुढे रेटलं, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत कौतुकाने येते. कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने मेलेल्या हजारो मजुरांची नावं येत नाहीत. बलकाला निदान एक ओळ मिळाली. त्या घाटातल्या बोगद्यांतून मी किती वेळा पुण्याला गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी डाव्या खिडकीतून ही दरी ‘काय सीन आहे’ म्हणून बघितली असेल. वरून ती हिरवं मखमल दिसते. खाली ती दगड, काटे आणि जळवांची असते. खिडकीतल्या बायका वडापाव काढत असतील त्या क्षणी मी खालून त्यांच्या गाडीचा आवाज ऐकत होतो आणि मला त्या आवाजाचा राग येत नव्हता. रेल्वेने घाट सोंडेवरून नेला म्हणून दरी वाचली. रस्त्यानेही तीच सोंड धरली. या खोऱ्याचा एकांत कुणी जपून ठेवलेला नाही. अभियंत्यांना ते गैरसोयीचं पडलं, म्हणून राहिलं.

इथून पुढचा विचार मात्र मला चालताना अडखळवणारा होता. मी ‘माझ्या नळाची नदी’ शोधत वर आलो होतो. पण या पाण्याचा आणि माझ्या नळाचा संबंध वर्षभराचा नसतो. फाल्गुन सरला की या वरच्या पात्रात डोहच उरतात, वाहणं थांबतं. मग वैशाखात बदलापूरच्या बॅरेजवर पाणी कुठून येतं? ते येतं घाटाच्या पलीकडून. लोणावळ्याचा कडा हा नुसता कडा नाही, पाण्याची वाटणी करणारा बांध आहे. त्याच्या अलीकडे पडलेला थेंब उल्हासमधून अरबी समुद्राला, चार पावलं पलीकडे पडलेला इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. निसर्गाने घातलेला हा बांध टाटांनी फोडला. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिच्यावर ठोकरवाडीला धरण बांधून १९२२ला ते पाणी भिवपुरीच्या वीजघरात कड्यावरून खाली सोडलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. वीज करून झालेलं पाणी उल्हासच्या खोऱ्यात आलं, आणि पुढे शंभर वर्षं त्याच्या भरवशावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण वाढत गेली. कड्याच्या दक्षिणेला खोपोलीत हाच प्रयोग १९१५ला झाला होता, तिथे पाणी पाताळगंगेला गेलं. आणखी दक्षिणेला मुळशीचं धरण आलं तेव्हा मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले, आणि धरण झालंच.

म्हणजे उन्हाळ्यात पालेगावातली बादली भरते ती भीमेच्या खोऱ्यातल्या पाण्याने, टर्बाइनमधून फिरून आलेल्या. पंढरपूरला चंद्रभागेत जायचं पाणी आमच्या कपडे धुण्याच्या यंत्रात येतं. उल्हासनगर हे शहर तर नावानेच या नदीचं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते हे नाव मिळालं. तिथे नदीचं पाणी किती आणि तिच्या नावावर आलेलं उसनं किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही. टाटांच्या वीजघराने पाणी कमी सोडलं की आमच्याकडे पाणीकपात लागते, तेव्हा वर्तमानपत्रात एक ओळ छापून येते. तेवढाच आमचा भूगोल.

मग या चिंचोळ्या, वर्षभर न वाहणाऱ्या दरीचं महत्त्व काय, असं कुणी विचारू शकेल. विचारणारे आहेतही. त्यांचं उत्तर तयार असतं, धरण. कोंढाण्याजवळ उल्हासवर धरण बांधायचं घाटतंय ही आजची गोष्ट नाही. काम सुरू झालं, सिंचन घोटाळ्याच्या गदारोळात अडकलं, बंद पडलं, चौकशा लागल्या. मग प्रकल्प सिडकोकडे गेला, कारण आता पाणी शेतीला नव्हे, नवी मुंबईच्या वाढत्या वस्तीला हवं होतं. परतताना कोंढाण्यात एका घराच्या पडवीत चहा मिळाला. चहा देणाऱ्या ताईंना धरणाबद्दल विचारलं.

“व्हनार म्हनतात. मोजनीवालं येतात, खुना करतात, जातात. मंग दुसरं येतात.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“आमाला इचारतंय कोन?” मग थोडं थांबून, “तुमी पानीवाल्यांतलं काय?”

नाही म्हणालो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी पाणीवाल्यांतलाच आहे, फक्त दुसऱ्या टोकाचा. ज्याच्या इमारतीत मार्चपासून टँकर लागतात त्याने डोंगरात जाऊन धरणाला नाक मुरडावं, हे मलाही शोभत नाही. धरण झालं तर खालचे पूर थोडे आवरतील, असंही काही जण म्हणतात. असेल. तरी माझं मत सांगतो. ज्या शहरांनी काकोळ्याच्या डोंगरापासून कल्याणच्या खाडीपर्यंतची अख्खी एक नदी डोळ्यांदेखत गटार करून टाकली, त्यांना दुसरी मागायचा हक्क अजून मिळालेला नाही. वालधुनीत सोडलेलं सांडपाणी आधी शुद्ध करून कारखान्यांना परत वापरायला द्या. जुन्या जलवाहिन्यांची गळती आधी बुजवा. इमारतीच्या नकाशाला मंजुरी देताना ‘पाणी कुठून देणार’ याचं उत्तर आधी घ्या. हे सगळं करून पाणी कमी पडलं, तर कोंढाण्याच्या पडवीत जाऊन बसा आणि त्या ताईंना विचारा. ही क्रमवारी उलटी करायची सवय आपल्याला लागली आहे, कारण दगडांची दरी बुडवणं माणसांच्या सवयी बदलण्यापेक्षा सोपं असतं.

दरीच्या अगदी शेवटापर्यंत, जिथे दोन्ही बाजूंचे ओढे येऊन मिळतात आणि कडा अंगावर येतो, तिथवर मी पोचलो नाही आणि ते ठरवलंही नव्हतं. दुपार कलली तशी सावली पुन्हा दरीत उतरू लागली. चढताना लक्षात न येणारी गोष्ट उतरताना कळते, ती म्हणजे पाण्याचा आवाज पाठीमागून येतो आणि चाल आपोआप त्याच्या ठेक्यात पडते. गुडघे मात्र त्या ठेक्याला दाद देत नाहीत.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. कार्तिक ते पौष हा काळ बरा. आषाढ-श्रावणात या पात्रात उतरू नका, कितीही ऊन पडलेलं असो. कर्जतची पहाटेची लोकल धरा म्हणजे ऊन दरीत उतरायच्या आत तुम्ही पहिल्या डोहाशी असाल. कोंढाण्यातल्या कुणाला तरी वाटाड्या म्हणून सोबत घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. स्पीकर घरी ठेवा. डोहात साबण लावू नका. आणि अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकरांनी धरणाचं पुढचं टेंडर निघायच्या आत एकदा तरी जाऊन यावं. रिक्षा कोंदिवड्यापर्यंत जाते, पुढे चालावं लागतं.